वाघनखांसमोर मिळतात काही सेकंद: गर्दीच्या संग्रहालयात नेमकं काय पाहायचं, कसं पाहायचं?

महाबळेश्वरला आलेला पर्यटक एक दिवस प्रतापगडासाठी हमखास काढतो. गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली, हे गाईड सांगतो. खानाचा वध कसा झाला हेही सांगतो. आणि मग गर्दीतून कुणीतरी विचारतंच, "ती वाघनखं आता कुठे आहेत?"

बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर "लंडनला" असं होतं. १९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनहून आणलेली वाघनखं लोकांना पाहण्यासाठी खुली झाली आणि उत्तर बदललं. जिल्ह्यातून, जिल्ह्याबाहेरून लोक आले. शाळांच्या सहली आल्या. मोबाईलवर फोटो फिरले आणि त्यासोबत दावेही फिरले. "महाराजांची वाघनखं कायमची परत आली" असं कुणी लिहिलं, तर "ही खोटी आहेत" असं कुणी.

दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत. खरी गोष्ट त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे, आणि ती ठाऊक असेल तर काचेच्या पेटीसमोर मिळणारे मोजके सेकंद वाया जात नाहीत.

वाघनख म्हणजे नेमकं काय?

वाघनख हे हातात लपवता येणारं छोटं शस्त्र आहे. एक लोखंडी पट्टी, तिला दोन्ही टोकांना अंगठीसारखी दोन कडी आणि पट्टीच्या खालच्या बाजूला वाघाच्या नखांसारखी वळलेली धारदार नखं. कडी पहिल्या बोटात आणि करंगळीत घातली की नखं तळहाताच्या आत राहतात. मूठ मिटली की समोरच्याला दोन अंगठ्यांपलीकडे काही दिसत नाही.

लंडनहून आलेल्या वाघनखाला चार नखं आहेत. वस्तू तळहातात मावेल एवढीच आहे. अनेकांच्या मनात चित्रांमुळे आणि सिनेमांमुळे मोठ्या शस्त्राची कल्पना असते, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना "एवढंसंच?" असं वाटू शकतं. पण हे शस्त्र लहान असण्यातच त्याचा उपयोग आहे.

प्रतापगडाच्या भेटीत कोणतं शस्त्र वापरलं गेलं, याबद्दल जुन्या साधनांतही फरक आहे. राजाराम महाराजांच्या काळात, सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत वाघनख आणि बिचवा या दोन्ही शस्त्रांचा उल्लेख येतो. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात मात्र कृपाणाचा, म्हणजे तलवारीसारख्या शस्त्राचा उल्लेख आहे. लोकांच्या मनात मात्र वाघनखंच पक्की बसली आहेत.

ही वाघनखं लंडनला कशी पोहोचली?

याचं उत्तर साताऱ्यातच आहे.

१८१८ मध्ये तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात दुसरा बाजीराव पेशवा शरण आला आणि पेशवाई संपली. कंपनी सरकारने त्याला कानपूरजवळच्या बिठूरला पाठवलं. त्याच वेळी साताऱ्याची गादी मात्र इंग्रजांनी ठेवली. छत्रपती प्रतापसिंह महाराजांकडे छोटं राज्य दिलं आणि त्यांच्या शेजारी देखरेखीला एक इंग्रज अधिकारी बसवला. त्याचं नाव जेम्स ग्रँट डफ.

ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यात होता. मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं त्याने इथेच गोळा केली. १८२६ मध्ये त्याचा मराठ्यांवरचा तीन खंडांचा इतिहास प्रसिद्ध झाला. याच काळात वाघनखं त्याच्या हाती आली आणि त्याच्यासोबत स्कॉटलंडला गेली, अशी नोंद आहे. पुढे त्याच्या वारसांकडून ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडे आली.

जाता जाता एक गोष्ट. ज्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारात ग्रँट डफ होता, त्यांच्याच राज्यात तेव्हा महाबळेश्वर होतं. १८२९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने खंडाळा गाव देऊन त्या बदल्यात महाबळेश्वरची जागा त्यांच्याकडून घेतली आणि तिथे माल्कम पेठ वसली. पुढे १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं, आणि १८४८ मध्ये सातारचं राज्यच खालसा केलं. साताऱ्यातून वस्तू बाहेर का गेल्या, याचं उत्तर या तीस वर्षांत सापडतं.

पेटीवर काय लिहिलंय?

वाघनखांसोबत त्यांच्या मापाची एक पेटी आहे. तिच्यावर इंग्रजीत मजकूर कोरलेला आहे. त्याचा आशय असा: ज्याने शिवाजीने मुघल सेनापतीला मारलं ते हे वाघनख, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्याच्या पंतप्रधानाने ते त्यांना दिलं.

हा मजकूर एकदा सावकाश वाचला की तीन गोष्टी खटकतात.

पहिली, अफझलखान मुघल सेनापती नव्हता. तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. लिहिणाऱ्याने किंवा लिहवून घेणाऱ्याने इथेच चूक केली आहे.

दुसरी, "पेशव्याचा पंतप्रधान" म्हणजे कोण? पेशवा हाच मुळात छत्रपतींचा पंतप्रधान. त्याच्या कारभाऱ्याबद्दल म्हणायचं असेल, तर त्याचं नाव पेटीवर नाही. शिवाय ग्रँट डफ साताऱ्याला नेमला गेला तेव्हा पेशवाईचा शेवट झालाच होता.

तिसरी, ईडन ही स्कॉटलंडमधली ग्रँट डफ घराण्याची जहागीर. म्हणजे हा मजकूर वाघनखांच्या मूळ मालकाने लिहिलेला नाही. ती ज्याच्याकडे गेली त्याच्या बाजूने, त्याच्या देशात लिहिलेला आहे.

यावरून वाघनखं खोटी ठरत नाहीत. पण ती अफझलखानाच्या वधात वापरलेलीच आहेत, हा दावा एवढ्या एका मजकुरावर उभा आहे, हे लक्षात येतं.

मग ती शिवरायांची आहेत की नाहीत?

ज्या म्युझियमच्या ताब्यात ही वाघनखं आहेत, त्याची भूमिका स्पष्ट आहे. ग्रँट डफच्या सुमारे १६० वर्षं आधी महाराजांनी वापरलेलं शस्त्र ते हेच, याची खात्री करून घेता आलेली नाही, असं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने आपल्या नोंदीतच म्हटलं आहे. बाजीराव शरण आल्यावर ते ग्रँट डफकडे आलं असावं, ही त्यांनी मांडलेली एक शक्यता आहे.

कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी २०२४ मध्ये म्युझियमच्या याच भूमिकेकडे बोट दाखवलं आणि ही वाघनखं मूळची नसल्याचं म्हटलं. राज्य सरकारने मात्र ती महाराजांचीच असल्याची भूमिका घेतली. विधिमंडळातही यावर चर्चा झाली.

अडचण आहे ती मधल्या काळाची. १६५९ ते १८१८ या दीडशेहून जास्त वर्षांत हे शस्त्र कुणाकडे होतं, कुठे होतं, याची सलग नोंद समोर आलेली नाही. या काळात मराठ्यांची राजधानीच अनेकदा हलली. १६८९ मध्ये रायगड मुघलांच्या ताब्यात गेला. राजाराम महाराज जिंजीला गेले. १७०७ मध्ये शाहू महाराज मुघलांच्या कैदेतून सुटले आणि त्यानंतर सातारा राजधानी झाली. एवढ्या उलथापालथीत एक तळहाताएवढं शस्त्र कुठून कुठे गेलं, हे सांगणं सोपं नाही.

एखादी वस्तू तिच्या निर्मितीपासून आजपर्यंत कुणाकुणाच्या हातातून गेली, त्या साखळीला संग्रहालयशास्त्रात फार महत्त्व असतं. जमिनीच्या सातबाऱ्यावर जशी मालकांची नावं एकामागोमाग येतात, तसंच हे. मधली पानं गहाळ असली की शेवटच्या नावावर वाद होणारच.

परत आली की उसनी आली?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर झाला. वाघनखं महाराष्ट्राला परत मिळालेली नाहीत. ती ठरावीक मुदतीसाठी प्रदर्शनाला दिलेली आहेत.

३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनमध्ये राज्याचे तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी म्युझियमसोबत सामंजस्य करार केला. म्युझियमची तयारी सुरुवातीला एका वर्षाची होती, ती चर्चेनंतर तीन वर्षांवर गेली. या व्यवहारावर कोट्यवधी रुपये खर्च झाल्याची चर्चा होती. मुनगंटीवार यांनी विधिमंडळात प्रवास आणि करार मिळून १४ लाख ८ हजार रुपये खर्च आल्याचं सांगितलं.

साताऱ्यात ही वाघनखं सात महिने राहतील असं ठरलं होतं. त्यानंतर ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात गेली. पुढे कोल्हापूरचा क्रम ठरला होता. करार फिरत्या प्रदर्शनाचा असल्यामुळे, खास वाघनखांसाठी प्रवास करणाऱ्याने ती सध्या कोणत्या शहरात आहेत याची आधी खात्री करून घ्यावी.

कायमची का दिली नाहीत? ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांना आपल्या संग्रहातल्या वस्तू मनाप्रमाणे देऊन टाकता येत नाहीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला १९८३ चा तिथला वारसा कायदा लागू होतो, तर ब्रिटिश म्युझियमला १९६३ चा वेगळा कायदा. त्यामुळे जगभरातून "आमच्या वस्तू परत द्या" अशी मागणी आली की ही संग्रहालयं बहुतेक वेळा मुदतीच्या कर्जाचा मार्ग पुढे करतात.

दोन तलवारी, दोन वेगळ्या गोष्टी

वाघनखांचा वाद हा पहिला नाही. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांनी महाराजांची भवानी तलवार लंडनहून परत आणण्याची घोषणा केली होती. तेव्हाही हाच प्रश्न उभा राहिला: लंडनमध्ये आहे ती नेमकी कोणती तलवार? ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहातली तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या छत्रपतींकडून भेट मिळालेली, 'जगदंबा' नावाने ओळखली जाणारी. ती भवानी आहे का, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं. तलवार काही आली नाही.

याउलट २०२५ मधलं उदाहरण नागपूरकर रघूजी भोसले यांच्या तलवारीचं. लंडनमधल्या लिलावात ही तलवार विक्रीला आली आणि राज्य सरकारने ती मिळवली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. ही मुदतीवर आणलेली नाही, ती राज्याच्या मालकीची झाली. आणि तिच्या पात्यावरच देवनागरीत सोन्याने रघूजी भोसले सेनासाहेबसुभा यांचं नाव आहे. पातं युरोपियन धाटणीचं, म्हणून तिला 'फिरंग' म्हटलेलं आहे.

फरक इथे दिसतो. एका वस्तूवर तिच्या मालकाचं नाव तिच्याच अंगावर आहे. दुसऱ्या वस्तूचं नाव तिच्या पेटीवर आहे, आणि ती पेटी नंतरची आहे. संग्रहालयात कोणतीही प्रसिद्ध वस्तू पाहताना हा एक प्रश्न कामाला येतो: हे नाव वस्तूने सांगितलं, की वस्तूबद्दल कुणीतरी सांगितलं?

सगळी गर्दी एकाच काचेसमोर का होते?

हे फक्त साताऱ्यात होत नाही. पॅरिसच्या लूव्र म्युझियमला २०२४ मध्ये सुमारे ८७ लाख लोकांनी भेट दिली. त्यातले बहुसंख्य एकाच दिशेने चालत जातात, मोनालिसाकडे. गर्दी एवढी झाली की मोनालिसासाठी स्वतंत्र दालन आणि स्वतंत्र प्रवेश करण्याची घोषणा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनी जानेवारी २०२५ मध्ये केली. १९७२ मध्ये इजिप्तच्या तुतानखामेनच्या थडग्यातल्या वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आल्या, तेव्हा सोळा लाखांहून जास्त लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. तिथेही ओढ होती ती एका सोन्याच्या मुखवट्याची.

एक नाव गाजतं आणि बाकीच्या दालनांतून लोक भराभरा पुढे सरकतात. ज्या वस्तूसमोर सगळ्यात कमी वेळ मिळणार असतो, तिच्यासाठीच सगळा वेळ रांगेत जातो. आणि ज्या वस्तूसमोर अर्धा तास निवांत उभं राहता आलं असतं, तिच्याकडे लक्षही जात नाही.

साताऱ्याच्या संग्रहालयात वाघनखांपलीकडे शिवकालापासूनची शस्त्रं, वस्त्रं, चित्रं आहेत. वाघनखं पाहायला गेलेल्यांपैकी अनेकांनी ती धावत पाहिली असणार. वाघनखं पुढच्या शहरात गेली तरी या वस्तू तिथेच आहेत.

दालनात अंधार का? काच का? फ्लॅश का नको?

गर्दीत वैताग येण्याचं आणखी एक कारण म्हणजे नियम. ते कशासाठी असतात, हे कळलं की वैताग कमी होतो.

*उजेड:* कापड, कागद आणि जुनी चित्रं यांचे रंग उजेडाने कायमचे फिके होतात. झालेलं नुकसान भरून काढता येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सच उजेड ठेवण्याचा संकेत जगभर पाळला जातो. नेहमीच्या कार्यालयात याच्या कितीतरी पट उजेड असतो. म्हणून अंगरखा ठेवलेलं दालन अंधारं वाटतं. एक-दोन मिनिटं थांबलं की डोळे सरावतात आणि जरीकाम दिसू लागतं.

*दमटपणा:* लोखंड आणि पोलादाला उजेडाचा फारसा त्रास नसतो. त्यांचा शत्रू आहे हवेतली ओल. साताऱ्याच्या पश्चिमेला, महाबळेश्वरच्या बाजूला देशातल्या सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक आहे. त्यात दालनात शेकडो माणसं आली की त्यांच्या श्वासाने, भिजलेल्या छत्र्या-रेनकोटांनी ओल आणखी वाढते. म्हणून धातूच्या वस्तू बंद काचपेटीत ठेवतात आणि पेटीत ओल शोषून घेणारी सिलिका जेलसारखी पदार्थं ठेवतात. छत्री दाराशी ठेवायला सांगतात, ते फरशी ओली होऊ नये एवढ्यासाठीच नसतं.

*हात:* घामात क्षार असतात. पितळेच्या किंवा लोखंडी वस्तूला एकदा बोट लागलं तर लगेच काही दिसत नाही, पण काही दिवसांनी तिथे डाग उमटतो. एकाने लावलं तर एक डाग, रांगेतल्या प्रत्येकाने लावलं तर वस्तूच झिजते. देवळातल्या उंबरठ्याचा दगड कसा गुळगुळीत होतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

*फोटो:* नियम प्रत्येक संग्रहालयात वेगळे असतात. परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवावा. काचेवर फ्लॅश मारला तर फोटोत तोच दिसतो, आणि मागच्या रांगेचा वेळ जातो तो वेगळाच.

महाबळेश्वरहून जायचं तर कसं?

महाबळेश्वरपासून प्रतापगड वीस-पंचवीस किलोमीटरवर, आंबेनळी घाटाच्या वाटेवर आहे. सातारा बरोबर उलट्या बाजूला. मेढामार्गे किंवा पाचगणी-वाईमार्गे साताऱ्याला जायला दीड-दोन तास धरावेत. साताऱ्यातलं संग्रहालय एसटी स्टँडजवळच आहे, त्यामुळे स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही.

प्रतापगड आणि संग्रहालय एकाच दिवशी उरकण्याचा मोह टाळलेला बरा. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरडी कोसळून रस्ता बंद होण्याच्या घटना घडतात, धुक्यात गाडी हळू चालवावी लागते, आणि साताऱ्यात पोहोचेपर्यंत दारं बंद व्हायची वेळ होते. आधी गड, दुसऱ्या दिवशी संग्रहालय हा क्रम चांगला. गडाच्या पायथ्याची जागा पाहून झाल्यावर काचेतल्या शस्त्राकडे नजर वेगळी जाते.

*वार:* राज्यातली बरीच शासकीय संग्रहालयं सोमवारी बंद असतात. शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना महाबळेश्वरचीच गर्दी खाली उतरते. मधल्या वारी सकाळी दार उघडताना पोहोचणं सगळ्यात सोयीचं.

*मोसम:* दिवाळीनंतर जानेवारीपर्यंत शाळांच्या सहलींचा हंगाम असतो. एका बसमधून पन्नास मुलं उतरतात. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटं बाजूला थांबलं तरी दालन रिकामं होतं. सहल नेहमी पुढे सरकत असते.

*क्रम:* बहुतेक लोक दारातून आत शिरले की उजवी-डावी न पाहता पाटीच्या बाणाने चालतात. जिथे परवानगी आहे तिथे शेवटच्या दालनापासून सुरुवात केली तर पहिला तास गर्दीच्या उलट्या दिशेने जातो.

*माणसं:* आजी-आजोबा सोबत असतील तर बसायची बाकं कुठे आहेत ते आधी विचारून घ्यावं. लहान मुलांना पंधरा वस्तू दाखवण्यापेक्षा तीन दाखवाव्यात आणि एक वहीत काढायला लावावी. चित्र काढताना वाघनखाची कडी कोणत्या बोटात जाते, हे मुलाला आपोआप कळतं.

पाटी कशी वाचायची?

वस्तूजवळच्या पाटीवर साधारण पाच गोष्टी असतात: वस्तूचं नाव, कशाची बनली आहे, काळ, कुठून मिळाली आणि संग्रहालयाचा नोंद क्रमांक. बहुतेक लोक पहिली ओळ वाचून पुढे जातात. महत्त्वाचं बऱ्याचदा शेवटच्या दोन ओळींत असतं.

काही शब्दांकडे विशेष लक्ष द्यावं.

"अंदाजे" किंवा "सुमारे" म्हणजे काळ शैलीवरून ठरवला आहे, वस्तूवर तारीख नाही.

"परंपरेनुसार" किंवा "असं मानलं जातं" म्हणजे तशी श्रद्धा आहे, कागदोपत्री पुरावा अपुरा आहे.

"प्रतिकृती" म्हणजे मूळ वस्तू दुसरीकडे आहे. प्रतिकृती पाहणं कमीपणाचं नाही. पण फोटोखाली तसं लिहायला हवं.

"यांच्याकडून भेट" म्हणजे कुणीतरी दिली. देणाऱ्याकडे ती कशी आली, हा पुढचा प्रश्न.

"उसनी" किंवा "प्रदर्शनासाठी प्राप्त" म्हणजे मालक दुसरा आहे आणि वस्तू कधीतरी परत जाणार आहे.

पाटीवर काळ आणि मिळाल्याचं ठिकाण दोन्ही कोरं असेल, तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारावं. संग्रहालयातल्या माणसांना असे प्रश्न आवडतात. दिवसभर त्यांना बहुतेक वेळा "स्वच्छतागृह कुठे आहे" हेच विचारलं जातं.

साताऱ्यात गर्दी, औंधला निवांतपणा

याच जिल्ह्यात एक संग्रहालय असं आहे जिथे रांगेचा प्रश्न सहसा येत नाही. खटाव तालुक्यातल्या औंधचं श्रीभवानी संग्रहालय.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते, आणि आपल्या संस्थानातली सत्ता लोकांच्या हाती सोपवणारे राजे म्हणूनही त्यांची नोंद आहे. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तू त्यांनी वाड्यात कोंडून ठेवल्या नाहीत.

इथे राजा रविवर्मा यांची चित्रं आहेत. धुरंधर, हळदणकर यांच्यासारख्या चित्रकारांची कामं आहेत. जुनी लघुचित्रं, हस्तिदंत आणि चंदनातलं कोरीवकाम आहे. आणि ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचं 'आई आणि मूल' हे शिल्पही आहे. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत ज्याच्या शिल्पांसमोर लोक थांबतात, त्याचं एक शिल्प सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर आहे, हे महाबळेश्वरला दर वर्षी येणाऱ्या अनेकांना माहीत नसतं.

औंधच्या वस्तूंचा आणखी एक फायदा आहे. त्या इथे कशा आल्या, हे बऱ्याच अंशी माहीत आहे: एका माणसाने, ठरवून, लोकांनी पाहाव्यात म्हणून जमवल्या. साताऱ्याच्या रांगेत ज्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, तो प्रश्न इथे तेवढा छळत नाही.

फॉरवर्ड करण्याआधी

संग्रहालयात काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर जातो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, आणि तिसऱ्या दिवशी त्याखालचा मजकूर बदललेला असतो. वाघनखांच्या बाबतीत एवढं खात्रीने सांगता येतं:

– ही वाघनखं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची आहेत आणि तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आहेत.

– साताऱ्याला नेमलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती ब्रिटनला गेली.

– ती महाराजांनी वापरल्याचं पेटीवरचा मजकूर सांगतो, पण त्याच मजकुरात अफझलखानाला मुघल म्हटलेलं आहे.

– म्युझियमने स्वतः हा संबंध पडताळता आलेला नाही असं म्हटलं आहे. राज्य सरकारची भूमिका वेगळी आहे.

हात जोडून काचेसमोर उभं राहणाऱ्याला यातलं काहीच आड येत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडलं, ते घडलंच. ते सिद्ध करण्याची जबाबदारी या चार नखांवर नाही. फोटोखाली ओळ लिहिताना मात्र "शिवरायांची वाघनखं" ऐवजी "शिवरायांची मानली जाणारी, लंडनहून प्रदर्शनासाठी आलेली वाघनखं" असं लिहिलं, तर पाच शब्द जास्त लागतात आणि पुढच्या माणसापर्यंत खरी माहिती जाते.